दोन मुठींची करवत

बांधावरची जांभळ वाऱ्यानं पडली म्हणतात.
वारा नावाला आला होता, मुळं वाळवीनं आधीच खाल्लेली.
अर्धी आमच्यात पडली, अर्धी टोपाण्णाच्या भातात.
जांबोटीहून गार्ड आला, टेप लावली,
बुंध्यावर हातोडीनं शिक्का ठोकला, कागद दिला.
कागद कानडीत. मी सुलटा धरला की उलटा, मला काय कळणार.
गौरव्वानं न अडखळता वाचला नि म्हणाली,
"अत्ती, आपलंच हाय म्हणत्यात. तोडा."

तिचं माहेर बैलहोंगलकडं, काळं रान.
तिथं जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या,
फार तर बाभळीचं एखादं काटेरी फाटं.
धडधडून पेटतं, भाकरी फुगेपर्यंत राख.
आमच्या परड्यामागनं मलप्रभा जाते ती पुढं तिच्याच गावाकडं,
पण लाकूड काही वाहून नेत नाही.
बुंधा कसा असतो ते तिनं इथं येऊन पाहिलं.

मशीनवाला तासाला सातशे म्हणाला.
भरमाणी उद्यमबागेत फौंड्रीत,
रविवारी येतो नि रविवारभर झोपतो.
मी माळ्यावरनं करवत काढली.
पाच फुटी पातं, दोन्ही टोकांना मुठी.
एक माझ्या घामानं काळी.
दुसरीही काळी. ती अकरा वर्षं कुणी धरली नव्हती.
कानस घेऊन बसले, दात एकेक जागा केला,
एक डावीकडं झुकता, एक उजवीकडं,
मग खोबरेलाचं बोट.

"ओढायचं," मी म्हटलं, "ढकलायचं नाही.
तुझी ओढ संपली की हात सैल सोड."
तिनं ढकललं.
पातं वाकलं, कण्हलं, खाचेत अडकून बसलं.
"मदत करीत होते की ओ."
"मदत करू नको. सोड."
एकोणिसाव्या वर्षी मीही असंच ढकललं होतं,
आणि पलीकडच्या मुठीवरचा माणूस हसत हसत खाली बसला होता.
हे तिला सांगितलं नाही.

दुपारपर्यंत दोन काप.
भुसा तांबूस, ओला, तुरट वासाचा,
तिच्या पैंजणांत, माझ्या ओच्यात.
ती मोजायची ओंदु, एरडु, मूरु,
मी मनात एक, दोन, तीन.
सतरावर मी चुकले. ती पुढं गेली.
चुकल्यावरच करवत नीट चालायला लागली.

ओंडके लोळवत आणले.
चढाला दर हातभर थांबायचं, खाली धोंडा लावायचा,
लुगड्यानं तोंड पुसायचं, परत ढोसायचं.
फांद्यांच्या मोळ्या डोक्यावर. चुंबळ तिला बांधता येईना,
तिनं ओढणीचा गोळा केला, तोही चालला.
फोडायला घण, लोखंडी पाचर.
"ओंडक्याचं तोंड बघ. भेग कुठं जाणार
ते त्याला आधीच ठाऊक असतंय."
तिनं बघितलं. तिसऱ्या घावाला दोन फाका,
आत ओल, आणि एक आंधळी अळी.
तिनं अळी पानावर उचलून बांधाला नेऊन ठेवली.
घण वाट बघत पडला.

भिंतीला रचताना साल वर,
वारा जाईल एवढी फट.
विंचवाला विचारायची पद्धत नाही, तो येतोच.
मिरगाला बारा दिवस.
गॅस आहे घरात, दोन टाक्या,
पण आंघोळीचा हंडा अजून चुलीवरच तापतो.
ह्या वर्षी ह्यातलं काही जळायचं नाही.
ओलं आहे. हे पुढच्या वर्षीचं.

रविवारी भरमाणी उठला चक्क नवाला.
राहिलेला बुंधा बघून बाह्या वर केल्या.
"आई, तू बस. आता आम्ही."
मूठ धरली, आणि फौंड्रीतलं सगळं बळ लावून ढकललं.
पातं वाकलं.

"बिडु," गौरव्वा म्हणाली.
आणि मग त्याला कळलं नसेल म्हणून, हळू,
"सोडा की."

मी गाठींचा तो एक ओंडका चुलीच्या उजेडाकडं लोळवला.
त्याच्यात चार पाचरी अडकल्या होत्या, एक अजून आतच आहे.
तो फुटायचा नाही.
त्याच्यावर बसले, नि चहाचं आधण ठेवलं.